डोंगरातल्या गोल्फ कोर्सवर पहिल्यांदाच चाललायस का?

अरे वा, जा की! फक्त पहिल्याच ट्रिपला गुलमर्गचा 2650 मीटरवरचा कोर्स नको, स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंटानासारखा 1500 मीटरच्या आसपासचा बरा, आणि पोचल्या दिवशीच खेळायला उतरू नकोस, दम लागतो.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- हवा विरळ असते, बॉल लांब जातो, तरी क्लब (मारायची काठी) नेहमीचाच काढतात. त्यात ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) खाली उतारावर असेल तर 7 नंबरच्या जागी 8 नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) घे, त्याने बॉल कमी लांब जातो. मी ऐकलं नव्हतं, पहिल्याच होलला बॉल थेट मागच्या झाडीत, अजून तिथेच असेल.
- पटिंगला, म्हणजे ग्रीनवर बॉल हळूच होलकडे ढकलताना, डोळे फसवतात, ग्रीन सपाट दिसतं पण बॉल बहुतेकदा दरीकडे वळतो.
- जॅकेट गाडीतच राहतं.

वीज कडाडली की सरळ आत. बॉलला फिरकी देणं, स्पिनबिन नंतर बघू.