तक्ता शेवटच्या आठवड्यात दे

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद. दुसऱ्या वर्षाची इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, शिकवायला तुझ्याकडे आली, फार बरं वाटलं. स्लाइड्स पाहिल्या. पहिल्याच तासाला सायटोकाइन्सचा, म्हणजे प्रतिकार पेशींच्या एकमेकींना निरोप देणाऱ्या प्रथिनांचा, तक्ता आहे, तो काढ. मीही सुरुवातीला फळाभर लिहायचो. मुलांनी तो परीक्षेत जसाच्या तसा उतरवला. पण वॉर्डात मॉन्टूच्या, म्हणजे क्षयाच्या कातडीतल्या टेस्टच्या, गाठीवर बोट ठेवून ‘हे कडक का झालं?’ विचारलं, तर सगळे गप्प. चूक माझ्या शिकवण्याची होती.

म्हणून मॉन्टूपासून सुरुवात कर. बॉलपेन कातडीवरून हलकेच गाठीकडे ओढायला सांग. पेन अडतं तिथे गाठीची कड. लाली मोजायची नाही. मग विचार, ॲलर्जीच्या टेस्टला पंधरा मिनिटांत गांधी उठते, इथे ४८ ते ७२ तास का थांबायचं? उत्तर लगेच देऊ नकोस. ॲलर्जीत गांधी उठवणाऱ्या मास्ट पेशी आयजी-ई ही अँटिबॉडी घेऊन कातडीत आधीच बसलेल्या असतात. मॉन्टूत मात्र टी-पेशींना, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींना, रक्तातून वाट काढत यावं लागतं, मग मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, गोळा होतात. हे मुलांना जवळजवळ स्वतःच सापडतं.

त्यानंतर कुष्ठरोग, आणि त्याला हवे तितके तास दे. एका रुग्णाला एकच बधिर चट्टा, कोपरामागची अल्नर नर्व्ह दोरीसारखी जाड, स्मिअरमध्ये, म्हणजे कातडीतून घेऊन काचेवर पसरलेल्या नमुन्यात, जंतू सापडत नाहीत. दुसऱ्याच्या कानाच्या पाळ्या गाठींनी जाड झालेल्या, स्मिअर जंतूंनी भरलेला. जंतू तोच! दुसऱ्याकडे अँटिबॉडी भरपूर, पण जंतू मॅक्रोफेजच्या आत, तिथे त्या पोचत नाहीत. पहिल्याच्या टी-पेशी जंतूंना आवरतात, आणि त्याच झटापटीत नर्व्ह जाते. रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये मांडलेलं कुष्ठरोगाचं वर्गीकरण याच दोन टोकांमध्ये बसतं.

प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ असते, एवढंच मुलं घरून ऐकून आलेली असतात. उपचार चालू असताना नर्व्ह सुजून पंजातली ताकद गेली, तर आपण स्टिरॉइड देतो, म्हणजे प्रतिकार दाबतो, हे सांग. वर्ग शांत होतो. त्या शांततेत घाई करू नकोस.

रुग्णाची परवानगी आधी घे, आणि मुलांसमोर त्याचा हात तू स्वतः हातात घे. तक्ता शेवटच्या आठवड्यात दे. तोवर तक्त्यातलं गॅमा इंटरफेरॉन, म्हणजे टी-पेशींचा मॅक्रोफेजना चेतवणारा निरोप, कुठे लागतं ते त्यांना माहीत असेल.

पहिला तास झाला की फोन कर.

तुझा,
सर