क्रांती: पंचांगातली आणि रस्त्यावरची

प्रश्न: कोपर्निकसच्या ग्रंथाच्या नावातच 'रिव्होल्यूशन' आहे. मग त्याने क्रांतीचा ग्रंथ लिहिला असं म्हणता येईल का? आणि शब्द 'क्रांतिकारक' की 'क्रांतीकारक'?

नाही म्हणता येणार! विज्ञान दिनाच्या भाषणांत हे वाक्य ऐकून कान किटले. 1543 साली न्यूरेंबर्गला छापलेला तो लॅटिन ग्रंथ आहे खगोलांच्या परिभ्रमणांविषयी. तिथे रिव्होल्यूशन म्हणजे फेरा. निघालेला ग्रह फिरून जागेवर येतो, तो फेरा. बंडाचा वासही नाही.

इंग्रजांनी शब्द राजकारणात नेला तोही याच अर्थाने. 1649 मध्ये राजाचं डोकं उडवलं, 1660 मध्ये त्याच्याच मुलाला गादीवर बसवलं. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाला यात सत्तेचा गोल फेराच दिसला. 1688 मध्ये दुसरा जेम्स पळाला, गादी मुलगी-जावयाकडे गेली. पुढच्या वर्षीच्या हक्कांच्या कायद्यात पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही असं ठणकावलं, पण भाषा 'प्राचीन हक्कां'ची. म्हणजे जुनंच जागेवर आलं, हा दावा! परत न फिरणारी क्रांती रुळली ती 1789 नंतर, पॅरिसमुळे.

आता खरी गंमत. आपली क्रांतीही आकाशातूनच उतरली आहे. आकाशातल्या विषुववृत्तापासून सूर्याचं उत्तर-दक्षिण अंतर म्हणजे क्रांती, आणि त्याची वर्षभराची वाट म्हणजे क्रांतिवृत्त. धातू क्रम्, पाऊल टाकणे. संक्रांत त्याच घरातली. पंचांगात 'क्रांतिसाम्य', म्हणजे सूर्य-चंद्राची क्रांती सारखी होण्याची वेळ, आजही छापतात. ज्योतिर्गणिताच्या जुन्या सिद्धांतग्रंथांत परमक्रांती, म्हणजे सूर्याची जास्तीत जास्त क्रांती, 24 अंश धरलेली, आजच्या मोजणीने साधारण 23.4. तिथवर पोचला की सूर्य मागे वळतो! रिव्होल्यूशनला हा शब्द ज्याने लावला त्याच्या उशाशी पंचांग असणार, असं माझं ठाम मत. 'क्रांती म्हणजे आक्रमण, त्यावरून उलथापालथ' असं सांगणारे पंडित धातुपाठ उघडतात, मान वर करून आभाळ बघत नाहीत. नुसती उलथापालथच सांगायची होती तर बंगाल्यांचा 'विप्लव' हाताशी होता की! त्यातला प्लव म्हणजे पाण्यावर तरंगणं, वाहणं. पुराला कुठली आलीय परमक्रांती?

हां, ऱ्हस्वदीर्घाचं राहिलंच. सुटा शब्द 'क्रांती', समासात 'क्रांतिकारक'. फेसवॉशच्या जाहिरातवाल्यांनी तो लिहूच नये.