साडेतीन एकरांसाठी झिरो टर्न मोअर: आधी उतार आणि माती, मग डेक

नमस्कार. उंब्रजजवळील आपल्या कृषी पर्यटन केंद्रासाठी 42 इंची झिरो टर्न मोअर, म्हणजे जागच्या जागी वळणारे, बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, घ्यावे की 52 इंची, आणि त्याचे इंजिन किती अश्वशक्तीचे असावे, असे आपण विचारले आहे. दोन एकर हरळीचे लॉन, दीड एकर आंब्याची बाग, बागेचा शेवटचा भाग ओढ्याकडे उतरता, आणि सध्या दोन माणसे ब्रश कटरने चार दिवस गवत कापतात, असेही आपण लिहिले आहे. मिरजेजवळच्या एका शैक्षणिक संकुलाच्या मैदानांची आणि बागेची देखभाल मी गेली चौदा वर्षे पाहतो. या काळात दोन झिरो टर्न यंत्रे आमच्याकडे वापरली गेली, त्या अनुभवावरून लिहीत आहे. आपल्या प्रश्नात ओढ्याकडच्या उताराचा उल्लेख शेवटी आणि ओझरता आला आहे; माझ्या मते यंत्राची निवड तिथूनच सुरू व्हायला हवी.

तरीही आपण विचारलेल्या इंचांचा हिशेब आधी मांडतो, कारण तो लवकर संपतो. डेक म्हणजे पाती झाकणारे यंत्राखालचे पत्र्याचे आवरण; इंचांचा आकडा त्याच्या कापणीच्या रुंदीचा असतो. ताशी 7 किलोमीटर वेगाने चालणारा 42 इंची डेक, वळणे आणि एकमेकांवर येणारे पट्टे यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तर तासाला साधारण दीड एकर, म्हणजे 60 गुंठे कापतो. त्याच वेगाने 52 इंची डेक सुमारे 73 गुंठे कापतो. आपल्या 140 गुंठ्यांसाठी पहिल्याला दोन तास वीस मिनिटे आणि दुसऱ्याला दोन तासांना थोडा कमी वेळ लागेल. फरक अर्ध्या तासाच्या आतला आहे. सध्याच्या चार दिवसांच्या तुलनेत तो फारसा जाणवणार नाही, परंतु आंब्याच्या ओळींमधून, फाटकातून आणि शेडच्या दारातून दहा इंच जास्त रुंदीचे यंत्र नेताना तो दर आठवड्याला जाणवेल. गवत बाजूला फेकणारे पन्हाळे डेकच्या बाहेर आलेले असते, त्यामुळे यंत्राची प्रत्यक्ष रुंदी डेकच्या आकड्यापेक्षा जास्त भरते, हेही मोजमाप घेताना लक्षात ठेवावे.

आता उताराकडे येतो. झिरो टर्न यंत्राला स्टिअरिंगचे चाक नसते. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या दाबाने चाकाकडे नेणारी यंत्रणा, असते. डावा दांडा डाव्या चाकाचा आणि उजवा दांडा उजव्या चाकाचा वेग व दिशा ठरवतो. एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरवले की यंत्र जागच्या जागी वळते. पुढची दोन चाके खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरणारी असतात, ती दिशा देत नाहीत. यातून एक गोष्ट निघते, जी विक्रेता क्वचितच सांगतो: मागची चाके घसरली की वळणेही जाते आणि थांबणेही जाते, कारण यंत्राचा वेग आवरण्याचे कामही तेच ट्रान्समिशन करत असते. हाताने लावायचा ब्रेक यंत्र उभे करून ठेवण्यासाठी असतो, घसरते यंत्र थांबवण्यासाठी नव्हे. साध्या लॉन ट्रॅक्टरची पुढची चाके निदान दिशा तरी देतात.

म्हणूनच अनेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत 15 अंशांपेक्षा जास्त उतारावर हे यंत्र नेऊ नये असे लिहितात, आणि काही जण 10 अंशांवरच मर्यादा घालतात. आपला उतार मोजण्यासाठी अभियंत्याची गरज नाही. दहा फूट लांबीचा सरळ बांबू वरच्या टोकाला जमिनीवर टेकवून पाणसळीने आडवा समपातळीत धरावा आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ते अंतर पावणेदोन फूट भरले तर उतार 10 अंशांचा, दोन फूट आठ इंच भरले तर 15 अंशांचा. हे मोजमाप एकाच जागी न घेता ओढ्याच्या बाजूने दर पन्नास फुटांवर घ्यावे, कारण डोळ्याला सारखा दिसणारा उतार कडेला अचानक तीव्र होतो.

या बाबतीत मी एवढे आग्रहाने का लिहितो, ते सांगतो. आमच्या आवाराच्या एका कडेला शेततळे आहे. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्टमधल्या एका सकाळी, सूर्यप्रकाश स्वच्छ होता पण गवत दवाने ओले होते. आमचे ज्येष्ठ माळी, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, तळ्याच्या भरावाला समांतर यंत्र चालवत होते. खालच्या बाजूचे मागचे चाक घसरले आणि यंत्र हळूहळू, पण कोणत्याही दांड्याला न जुमानता, पाण्याकडे सरकू लागले. भरावाच्या पायथ्याशी टाकलेल्या दगडांच्या रांगेला पुढचे चाक अडले म्हणून ते थांबले. तात्यांना काही झाले नाही, परंतु त्या दिवसापासून पाणी आणि बांध यांच्यापासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतराचा पट्टा आम्ही ब्रश कटरसाठीच राखून ठेवला आहे. त्या पट्ट्याच्या कडेने पांढरे रंगवलेले दगड लावले आहेत, म्हणजे नवीन माणसालाही मर्यादा दिसते. आपल्या ओढ्याच्या काठीही असाच पट्टा सोडावा. यंत्र उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी कमान आणि सीट बेल्ट असलेलेच मॉडेल घ्यावे. कमान उभी असताना सीट बेल्ट बांधलाच पाहिजे. काही यंत्रांची कमान फांद्यांखालून जाण्यासाठी दुमडता येते. ती दुमडलेली असताना मात्र सीट बेल्ट बांधू नये, कारण यंत्र उलटले तर चालकाला बाहेर पडता आले पाहिजे. आपल्या आंब्यांच्या फांद्या खाली आलेल्या असतील तर कमान दुमडण्यापेक्षा त्या छाटून घेणे बरे.

उताराइतकीच माती महत्त्वाची आहे. कृष्णाकाठची आपली काळी माती पावसात चिकण होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कऱ्हाड असो की मिरज, या मातीत ओल असताना लॉनवर यंत्र नेले तर चाकांचे चर उमटतात, मोकळी फिरणारी पुढची चाके रुततात आणि डेकच्या आत गवत व माती यांचा थर चिकटून पात्यांखालची हवा कोंडते. नांगरणीसाठी आपण जसा वाफसा पाहतो, तसाच तो कापणीसाठीही पाहावा. जुलै-ऑगस्टमध्ये सलग दहा-बारा दिवस वाफसा येत नाही आणि तेवढ्यात हरळी वीतभर वाढते. अशा वेळी एकाच कापणीत ती खाली आणू नये. उंचीचा एक तृतीयांश भाग कापावा आणि चार दिवसांनी पुन्हा फिरावे. जागच्या जागी वळण्याची सोय आहे म्हणून प्रत्येक ओळीच्या टोकाला ती वापरणेही टाळावे. थांबलेले आतले चाक गवत मुळासकट चिरडते. थोडे मागे येऊन, दोन्ही चाके फिरती ठेवून वळले की लॉन शाबूत राहते.

डेक निवडताना रुंदीपेक्षा बांधणी पाहावी. स्वस्त यंत्रांचा डेक एकाच पातळ पत्र्याला साच्यात दाबून बनवलेला असतो, तर चांगल्या यंत्रांचा डेक जाड पत्रे वेल्डिंगने जोडून केलेला असतो. आपल्याकडे मुरूम आणि सुटे दगड कुठेही वर येतात, त्यामुळे साधारण साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड पत्रा असावा, असे माझे मत आहे. पाती फिरवणाऱ्या स्पिंडलची घरे जाड आणि ग्रीस भरता येण्याजोगी आहेत का, ते वाकून स्वतः पाहावे.

मात्र पैसे कुठे जास्त घालावेत असे मला विचाराल, तर मी ट्रान्समिशन सांगेन. सुरुवातीच्या किमतीच्या यंत्रांत बहुधा सीलबंद ट्रान्समिशन असते; त्यात तेल बदलण्याची किंवा फिल्टर लावण्याची सोय नसते आणि ते बिघडले की संपूर्ण बदलावे लागते. त्यावरच्या श्रेणीत तेल आणि फिल्टर बदलता येतात. पहिला बदल साधारण 75 ते 100 तासांनी आणि नंतर सुमारे 400 तासांनी करायचा असतो. नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. आमचे पहिले यंत्र सीलबंद प्रकारचे होते. मे महिन्याच्या उन्हात, थंडावा देणाऱ्या पंख्यावर आणि खाचांत गवताचा भुसा साचलेला असताना, तेल तापून पातळ व्हायचे आणि दुपारनंतर यंत्र चढावर दम सोडायचे. ते दुरुस्त होण्याजोगे नव्हतेच. दुसऱ्या यंत्राला तेल बदलता येते, आणि ते आजही चढ न अडखळता चढते.

अश्वशक्तीबद्दल फार चिंता करू नये. 42 ते 52 इंची डेकसाठी 20 ते 24 अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे इंजिन पुरेसे होते. कापताना ते पूर्ण वेगातच चालवावे, कारण पात्यांचा वेग आणि इंजिनाला थंड ठेवणारी हवा दोन्ही त्यावर अवलंबून असतात. कमी वेगात पेट्रोल वाचते हा समज इथे महागात पडतो. पेट्रोलचा खर्च दाट गवतात तासाला चार-पाच लिटर धरावा.

इंधनाची खरी अडचण वेगळीच आहे. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या भागातील साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना त्याचा आधार आहे, परंतु या यंत्रांवरच्या हवेने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे पावसाळ्यात टाकीत महिनाभर राहिलेले पेट्रोल कार्ब्युरेटर खराब करते. म्हणून विक्रेत्याकडून 20 टक्के इथेनॉलबाबत लेखी उत्तर घ्यावे, हमीच्या अटींत त्याचा उल्लेख आहे का ते वाचावे, पंधरा दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल आणावे आणि हंगाम संपल्यावर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावे. डिझेलवर चालणारी झिरो टर्न यंत्रेही असतात आणि त्यांना ही अडचण नाही, परंतु ती जड आणि बरीच महाग असतात; साडेतीन एकरांसाठी मी ती सुचवणार नाही.

यंत्र काही लाखांचे असेल आणि बहुधा आयात केलेले असेल, त्यामुळे सुट्या भागांचा प्रश्न खरेदीआधीच सोडवावा. आमचा डेकचा पट्टा ऐन सप्टेंबरमध्ये तुटला तेव्हा विक्रेत्याकडे तो शिल्लक नव्हता आणि यंत्र पाच आठवडे उभे राहिले. बाजारातला तशाच मापाचा साधा पट्टा लावून पाहिला, तो दोन दिवसांत जळाला, कारण क्लचसारखा ताण सहन करणाऱ्या पट्ट्याची वीणच वेगळी असते. तेव्हापासून डेकचा एक पट्टा, ट्रान्समिशनचा एक पट्टा, पात्यांचे दोन संच, एक पूर्ण स्पिंडल आणि फिल्टर आम्ही कपाटात ठेवतो. आपणही हे सर्व यंत्राच्या बिलातच घ्यावे. बेअरिंग बहुतेक वेळा प्रमाण मापाची असतात आणि कऱ्हाडात किंवा सांगलीत सहज मिळतात. पात्यांना धार कोणत्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये लावता येते, साधारण 25 तासांनी ती लावावी, आणि धार लावल्यावर पाते मधल्या भोकातून खिळ्यावर टांगून दोन्ही बाजू समतोल आहेत का ते पाहावे. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून मात्र कधीही वापरू नये. तसेच आसनाखालचा सुरक्षेचा स्विच कटकट करतो म्हणून वायर जोडून तो निकामी करण्याचा सल्ला एखादा मेकॅनिक देईल, तो मानू नये. चालक उठताच पाती थांबवणारा तोच स्विच आहे, आणि आपल्या केंद्रावर मुले वावरतात.

आंब्याच्या बागेबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. तिथे ठिबकच्या नळ्या जमिनीवर पसरलेल्या असतील तर त्या कापणीआधी उचलून झाडांना टांगाव्यात. एकदा नळी स्पिंडलभोवती गुंडाळली गेली की ती काढायला अर्धा दिवस जातो आणि सीलही फाटते. शिवाय गुडघाभर वाढलेले कुसळी गवत किंवा गाजर गवत हे या यंत्राचे काम नाही. हे नियमित कापलेल्या लॉनसाठी आहे. आपल्याकडे 15 ते 20 अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर असेल, तर बागेसाठी त्याला स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचे उंच गवत कापणारे अवजार, जोडावा. हे काम त्याला सहज झेपते, त्याचा मेकॅनिक गावातच असतो, आणि झिरो टर्न यंत्राचे आयुष्य वाढते.

एकूण, उतार 10 अंशांच्या आत असेल तर मी आपल्या जागी 42 किंवा फार तर 48 इंची, वेल्डिंगच्या डेकचे आणि तेल बदलता येणाऱ्या ट्रान्समिशनचे यंत्र घेईन, आणि 52 इंचासाठीचे जास्तीचे पैसे सुट्या भागांवर खर्च करीन. उतार त्याहून जास्त निघाला तर तो भाग झिरो टर्नच्या हिशेबातूनच वगळावा. विक्रेत्याला प्रात्यक्षिक त्याच्या आवारात न देता आपल्या जमिनीवर, पावसानंतर वाफसा आलेल्या दिवशी द्यायला सांगावे, आणि यंत्र आपल्याच माणसाने किमान अर्धा तास चालवून पाहावे. ओढ्याकडची मोजमापे, फाटकाची रुंदी आणि आंब्याच्या दोन ओळींमधले अंतर कळवलेत, तर कोणत्या डेकला तिथे मोकळेपणाने फिरता येईल ते मी नेमकेपणाने सांगू शकेन.