वय 44, बी.एस्सी. केमिस्ट्री. नागपुरात आता बी.एड. करून विज्ञान शिक्षक होता येईल का?

हो, बी.एड.च्या प्रवेशाला कमाल वयोमर्यादा नाही. पदवीला 50 टक्के (राखीव प्रवर्गाला 45) आणि सीईटी, बस. मी चाळिशीनंतरच नागपूर विद्यापीठातून केलं, आता वर्धा रोडवरच्या शाळेत नववी-दहावीला शिकवतो. अडतं ते नोकरीपाशी. जिल्हा परिषदेच्या भरतीत साधारण खुल्या वर्गाला 38, मागासवर्गीयांना 43 ची मर्यादा आहे, त्यामुळे खासगी सीबीएसई शाळाच बघा. तिथे डेमो लेक्चर जमलं की वय सहसा आड येत नाही (पगार मात्र आधीच विचारून घ्या). अकरावी-बारावी हवी तर एम.एस्सी.ही लागेल. आणि नोकरी सांभाळून दोन वर्षं निघतील असं धरू नका, 20 आठवडे नुसत्या शाळेतल्या इंटर्नशिपचे असतात.