सर्दी नाही, तरी नाक चोंदलेलं

प्रश्न : मला सहावा महिना चालू आहे. दोन महिन्यांपासून नाक चोंदलेलं असतं, ताप किंवा शिंका नाहीत. मेडिकलमधून आणलेले थेंब आधी रात्रभर पुरायचे, आता दोन-तीन तासांत पुन्हा नाक बंद. थेंब चालू ठेवू का?

उत्तर : नको. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब सलग ३ ते ५ दिवसांपेक्षा जास्त घातले की असर उतरताच सूज आधीपेक्षा वाढते. तुमचे थेंब कमी वेळ पुरू लागलेत, ही त्याचीच खूण. एकदम सोडवत नसेल, तर आधी एका नाकपुडीत बंद करा, ती मोकळी झाली की दुसरीत.

मूळ कारण बहुधा गरोदरपणच. या काळात इस्ट्रोजेन आणि वारेतून येणारं ग्रोथ हार्मोन वाढतं, शरीरातलं रक्तही ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. नाकातल्या मांसल घड्या रक्ताने भरून फुगतात. म्हणजे वाट अडते ती शेंबडाने नाही, सुजेने. शिंकरून नाक मोकळं होत नाही ते यामुळेच. साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत तो जातो. डोळे-नाक खाजत असेल, तर मात्र ॲलर्जीचा विचार हवा.

तोवर मिठाच्या पाण्याने नाक धुवा. २५० मिलि पाणी खळखळून उकळून कोमट होऊ द्या (आरओचं पाणीसुद्धा उकळूनच घ्या), त्यात अर्धा छोटा चमचा बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. नुसत्या पाण्याने नाक झोंबतं. झोंबलं की लोक मीठच जास्त झालं समजून आणखी कमी करतात, आणि मग आणखी झोंबतं! बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत, दोन्हीकडून धुवा. झोपताना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. नुसत्या दोन उशांनी मान तेवढी मोडते.

स्टेरॉइडचा स्प्रे ॲलर्जीत उपयोगी, या सुजेवर फारसा नाही. सर्दीच्या एकत्रित गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्यांतल्या काही घटकांनी रक्तदाब वाढू शकतो.

घोरणं नव्याने सुरू झालं असेल, तर पुढच्या तपासणीत आवर्जून सांगा. त्याचा गरोदरपणातल्या रक्तदाबाशी संबंध आढळतो. ताप, गालफडात ठणका, पिवळा-हिरवा शेंबूड किंवा न थांबणारा घोळणा असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.