टरबूज नक्की कोणतं?

प्रश्न नागपूरच्या एका ताईंचा आहे. त्या नुकत्याच पुण्याला राहायला आल्या. मंडईत त्यांनी टरबूज मागितलं, तर फळवाल्याने जाळीदार सालीचं, केशरी गराचं फळ हातात ठेवलं. 'हे तर खरबूज!' म्हटल्यावर तो म्हणाला, 'तेच ते. तुम्हाला कलिंगड पाहिजे होय?' ताई विचारतात, चुकलं कोण?

दोघांपैकी कुणीच नाही. पण वंशावळ काढून निकाल लावायचा झाला, तर तो नागपूरकडे झुकेल. 'तरबूज' फारसीकडून आला आणि तिकडे तो लाल, पाणीदार गराच्या फळालाच म्हणत. त्यातला 'तर' म्हणजे ओला. हिंदीतलं 'तरबतर' त्याच्याच घरातलं, आणि मिसळीवरची तरीसुद्धा. मराठीने त-चा ट केला. मला ते आवडतं, कारण टरारून फुगलेल्या त्या फळाला 'ट'च शोभतो. पण ही कानाची आवड झाली, व्युत्पत्ती नव्हे.

मग पुण्यात शब्द घसरला कसा? तिथे लाल फळाच्या जागी 'कलिंगड' आधीच ठाण मांडून होतं. संस्कृतात या फळाला 'कालिंग' म्हणतात, कलिंग देशाशी त्याचं नातं जोडतात, आणि कोकण-देशावर हाच शब्द रुळला. एका फळाला दोन नावं फार दिवस सुखाने नांदत नाहीत. एकाला शेजारी सरकावं लागतं. टरबूज सरकलं आणि खरबुजाच्या घरात शिरलं. विदर्भात बोलण्यात 'कलिंगड' नव्हतंच, त्यामुळे तिथे त्याला कुणी हुसकावलं नाही.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं समजू नका. फारसी 'खरबुजा' तुर्कीत 'कार्पुझ' झाला आणि त्याचा अर्थ झाला कलिंगड! रशियनमध्ये तोच 'अर्बूझ', तिथेही कलिंगडच. शेजारच्या युक्रेनमध्ये 'हर्बूझ' म्हणजे चक्क भोपळा. आणि खुद्द इराणात आज कलिंगडाला 'हेंदवाने' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचं. ते आपला पत्ता देतात, आपण कलिंगाचा देतो, आणि फळाचं मूळ घर आहे आफ्रिकेत. पुण्याचा फळवाला एकटा नाही, एवढंच सांगायचं होतं.

वनस्पतिशास्त्राला मात्र यात गोंधळ नाही. कलिंगड सिट्रलस कुळीचं, खरबूज क्युक्युमिस कुळीचं, आणि काकडीही क्युक्युमिसच. म्हणजे खरबूज कलिंगडापेक्षा काकडीला जवळचं. चिरलेल्या खरबुजाच्या बिया बघा, पोटात एका पोकळीत गुंतवळ करून बसतात, काकडीसारख्याच मधोमध. कलिंगडाच्या बिया गरात विखुरलेल्या.

खरी मजा खरबुजाच्या गरीब भावंडांत आहे, कारण त्यांना बाजारू नाव कुणी दिलंच नाही. कोकणातलं चिबूड घ्या. गणपतीच्या सुमाराला येतं, पिकलं की अंगभर तडकतं, गर पिठूळ. गूळ किंवा साखर घातल्याशिवाय त्याला चव चढत नाही, पण वास असा की फळ कोनाड्यात ठेवलं तरी घरभर कळावं. हा शब्द संस्कृत 'चिर्भट'चा. गुजरातीत त्याचंच 'चीभडुं' झालं, आणि आपण जिथे 'कुंपणच शेत खातं' म्हणतो तिथे गुजराती माणसाचं कुंपण चिबडं गिळतं. देशावर ज्वारी-बाजरीच्या रानात सापडणारी शेंदाडं आणि वाळकं याच गोतातली. शेंदाडाच्या नशिबी तर बदनामीच आली. नुसता दिखाऊ, प्रसंगाला पळ काढणारा शिपाई तो 'शेंदाडशिपाई'. त्या बिचाऱ्या फळाने कुणाचं काय केलं होतं?

'डांगर'ची गत आणखी न्यारी. विदर्भात नदीच्या वाळूत उन्हाळ्यात डांगरवाडी लावतात, तिथे डांगर म्हणजे खरबूज. पश्चिम महाराष्ट्रात डांगर म्हणजे लाल भोपळा. आणि कोकणी घरात डांगर म्हटलं की उडदाच्या पिठाचं, ताक-कांदा घातलेलं, जेवणाच्या पानातलं तोंडीलावणं. या तिन्ही घरच्या सुना एकत्र आल्या तर बाजाराची यादी कुणी लिहायची?

जाता जाता, 'उर्वारुकमिव बन्धनात्'. महामृत्युंजय मंत्रातल्या या उर्वारुकाचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'काकडी' असाच वाचायला मिळतो. पण मागणं आहे ते पिकल्या फळासारखं देठापासून अलगद सुटण्याचं, आणि काकडी तशी सुटत नाही, तोडावी लागते. कलिंगडही नाही. देठाशी चीर पडून आपोआप वेलीवेगळं होतं ते खरबूज. म्हणून त्या ओळीत मला काकडीपेक्षा खरबुजाच्या जातीचंच फळ दिसतं.

ताईंना व्यवहारापुरतं सांगायचं तर पुण्यात 'कलिंगड' आणि 'खरबूज' असे दोनच शब्द वापरा, फसगत होणार नाही. लिहितानाही मी तेच करतो. घरी मात्र टरबूजच म्हणा. आणि खरबूज घेताना देठाची जागा पाहा: तिथे स्वच्छ गोल खळी असेल तर ते वेलीवर पिकून सुटलेलं, देठ कापलेला दिसला तर घाईने उतरवलेलं.