वकट, लेंड, मुंड, नाल: विटीदांडूतले हे आकडे कुठले?

प्रश्न असा आहे: विटीदांडू खेळताना 'वकट, लेंड, मुंड, नाल' असं मोजतात, ते का? मुंड म्हणजे मुंडकं आणि नाल म्हणजे घोड्याचा नाल का?

नाही. हे सरळ आकडे आहेत आणि ते तेलुगू आहेत. तेलुगूत एक ते चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणून पाहा, शंका उरत नाही. कन्नडशी ताडून पाहावं, तर तिथे ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु आहे. नाल दोन्हीकडून येऊ शकेल, पण 'वकट'मधला ट आणि 'लेंड'मधला ण्ड कन्नडमधून येणार नाही.

'ओ'चा 'व' कसा झाला, असं कुणी विचारेल. तो मराठीत व्हायची गरजच पडली नाही. तेलुगू बोलणाऱ्याच्या तोंडी सुरुवातीच्या 'ओ'आधी हलकासा व येतो आणि जुन्या लिखाणात 'वोकटि' असं रूपही सापडतं. आपण शेवटचा इकार तेवढा सोडला. रेंडुचं लेंड झालं ते र-ल च्या नेहमीच्या अदलाबदलीनं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मुंड. आजच्या तेलुगूत 'मूडु' आहे, त्यात अनुस्वार नाही. जुन्या तेलुगूत मात्र तो होता, 'मूंडु'. म्हणजे तेलुगू बोलीतून गेलेलं नाक आपल्या पोरांनी मातीत खेळता खेळता जपलंय! त्यावरून मला वाटतं, ही उसनवारी बरीच जुनी असावी.

पाच-सहाला गावागणिक फरक पडतो. मी शिकलो तो क्रम नाल, आर, वेद, झंकू असा. तेलुगूत ऐदु म्हणजे पाच आणि आरु म्हणजे सहा. तेव्हा 'वेद' हा ऐदुच असावा, फक्त जागा बदललेला. ऋग्वेदाशी त्याचा काही संबंध नाही. सातव्या जागी एडु टिकला नाही, तिथे झंकू बसला.

हे शब्द इतके घट्ट का राहिले, ते खेळातच दिसतं. विटी पडली तिथून गलीपर्यंत, म्हणजे विटी ठेवायच्या खळीपर्यंत, दांडू आडवा टाकत मोजत यायचं, सात झाले की पुन्हा वकट. शेवटचा दांडू ज्या शब्दावर येईल, तसा पुढचा टोला. वकटाला विटी पावलावर ठेवून उडवायची, मुंडला मुठीवर, आणि एकदा मान मागे टाकून डोळ्यावरही ठेवायची. आकडा विसरला तर टोला कसा मारायचा तेच कळणार नाही.

मग खेळही तेलुगू मुलखातून आला का? एवढ्यावरून तसं म्हणू नये. बुद्धिबळात आपण 'शह' देतो. शब्द फारसी, शाह म्हणजे राजा. पण तो खेळ इथल्या चतुरंगातून इराणात गेला आणि तिकडचा शब्द घेऊन परतला. वकट-लेंडवरून इतकंच खात्रीनं म्हणता येतं की ही मोजणी तेलुगू बोलणाऱ्यांबरोबर खेळता खेळता उचललेली आहे. नांदेड, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तेलुगू शेजारीच आहे आणि सोलापुरात तर विणकरांच्या घराघरांत. तिकडच्या कुणा आजोबांना पाच-सहाचा क्रम विचारून इथे लिहाल का? वेद आधी येत असेल, तर मूळ क्रम तिथे शाबूत आहे.